कच्च्या वाटेसाठी टायरमधली हवा किती कमी करायची, कशी करायची आणि परत कशी भरायची

पावसाळ्यात मावळात किंवा मुळशीकडे चिखलात अडकलेली फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) गाडी बघितली, तर बहुतेक वेळा चित्र सारखंच असतं. फोर लो (चारही चाकांना ताकद, कमी वेग) टाकलेला असतो, ॲक्सिलरेटर दाबलेला असतो, चाकं जागच्या जागी गरगरत असतात, आणि टायरमध्ये मात्र एक्स्प्रेसवेवरून आणलेली 32-33 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा तशीच असते. हवा सोडायची आठवण होते ती गाडी ॲक्सलपर्यंत बसल्यावर. उलटा प्रकारही तेवढाच घडतो. कुणीतरी सांगितलं म्हणून हवा थेट 15 वर आणली जाते, वेग पन्नासचाच राहतो, आणि पहिल्याच वळणाला टायर रिमवरून उतरतो.

एक आकडा पाठ करून हे काम होत नाही. थंड टायर मोजणं, वाटेच्या तोंडाशी हवा उतरवणं, त्या हवेला झेपेल एवढाच वेग ठेवणं आणि डांबरी लागण्याआधी हवा परत भरणं, ही चारही कामं याच क्रमाने झाली तरच उपयोग. म्हणून सगळ्यात आधी हे ठरवून घ्या: हवा परत भरायची सोय गाडीत नसेल, तर हवा सोडू नका.

पुढची माहिती थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ अशा गाड्यांच्या ट्यूबलेस रेडियल टायरसाठी आहे. ट्यूबच्या टायरबद्दल वेगळी सूचना पुढे येईल. सगळे आकडे पीएसआयमध्ये आहेत. तुमच्या गेजवर बार असेल तर 1 बार म्हणजे 14.5 पीएसआय, किलो असेल तर 1 किलो म्हणजे 14.2 पीएसआय.

## हवा कमी केल्याने नेमकं काय बदलतं

माणसं-सामानासह गाडी 2000 किलोची धरा. एका चाकावर 500 किलो आले. 32 पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो. 500 ला सव्वादोनने भागलं की टायरचा जमिनीवरचा ठसा जेमतेम सव्वादोनशे चौरस सेंटिमीटर निघतो. हवा अर्धी, म्हणजे 16 केली की हाच ठसा साडेचारशेच्या दिशेने जातो. प्रत्यक्षात थोडा कमीच भरतो, कारण काही वजन टायरची बाजू, म्हणजे साइडवॉलही पेलते.

ही वाढ रुंदीत फारशी होत नाही, लांबीत होते. 20 सेंटिमीटर रुंदीच्या ट्रेडखाली (टायरचा जमिनीला लागणारा नक्षीचा भाग) आधी 11 सेंटिमीटर लांबीचा ठसा होता, तो 20 च्या आसपास जातो. रणगाड्याच्या पट्ट्यासारखी लांबट पकड मिळते आणि ट्रेडचे जास्त ठोकळे एकाच वेळी जमिनीला लागतात. मऊ जमिनीवर वजन पसरतं, म्हणून टायर कमी रुततो. खडकावर रबर दगडाच्या आकाराप्रमाणे मुडपतं, म्हणून घसरत नाही आणि टोकदार दगडाने कापलं जाण्याची शक्यताही कमी होते.

याची किंमतही आहे. साइडवॉल बाहेर फुगते, तिथे कापलं जाण्याचा धोका वाढतो. गाडी दोन-तीन सेंटिमीटर खाली येते, म्हणजे डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) दगडाला लागू शकतो. टायर जास्त वाकतो म्हणून जास्त तापतो. आणि रिमवरची त्याची पकड सैल होते. पुढच्या सगळ्या सूचना या चार गोष्टी आटोक्यात ठेवण्यासाठी आहेत.

## टप्पा 1: घरीच करायची तयारी

टायर तपासा. साइडवॉलवर फुगवटा, खोल चीर किंवा तडे असतील तर त्या टायरमधली हवा कमी करू नका. आधी टायर बदला. व्हॉल्व्हची रबरी नळी बोटाने हलकेच वाकवून बघा. बुडाशी भेगा दिसल्या तर टायरवाल्याकडून नवी बसवून घ्या. पन्नास-शंभर रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

साइडवॉलची उंची काढा. टायरवरच्या आकड्यांतून ती लगेच कळते. 255/65 आर 18 मध्ये 255 चे 65 टक्के म्हणजे साधारण 166 मिलिमीटर, 245/75 आर 16 मध्ये 184 आणि 195/80 आर 15 मध्ये 156 मिलिमीटर. या टायरांना हवा कमी करायला भरपूर वाव आहे. शहरी एसयूव्हीवर 215/60 आर 17 टायर असेल तर उंची 129 मिलिमीटरच भरते. अशा टायरमध्ये 20-25 टक्क्यांपेक्षा जास्त हवा कमी केली तर खड्ड्यात रिम थेट दगडाला लागेल. मोठं अलॉय बसवून बारीक टायर घातले असतील, तर कच्च्या वाटेचा बेतच बदललेला बरा.

कंपनीचा आकडा वाचा. तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, गाडीसाठीची शिफारस नसते. या दोन आकड्यांची गल्लत फार होते.

सामान जमवा. यातलं काही उसनं मिळेल या भरवशावर राहू नका:

- 0 ते 60 पीएसआयचा चांगला गेज. 0 ते 200 च्या गेजवर 16 आणि 18 मधला फरक वाचता येत नाही.
- हवा सोडायचं साधन. व्हॉल्व्हची पिन बाहेर काढून हवा सोडणारा डिफ्लेटर सगळ्यात जलद. तो नसला तर व्हॉल्व्ह पिन काढायची छोटी चावीही चालते.
- चार-पाच सुट्या व्हॉल्व्ह पिन आणि टोप्या. गवतात पडलेली पिन सापडत नाही.
- 12 व्होल्टचा कंप्रेसर. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर 120 वॅट लिहिलं असेल तर तिथून 10 अँपिअरच मिळतात. थार-स्कॉर्पिओच्या टायरसाठी जो कंप्रेसर लागतो तो 25-30 अँपिअर ओढतो, तेव्हा तो थेट बॅटरीला चिमटे लावून चालवायचा. सॉकेटला लावला तर फ्यूज जातो, आणि तोही नेमका जंगलात.
- ट्यूबलेस पंक्चर किट, साबणपाण्याची स्प्रे बाटली, जुना ब्रश, खडू, फूटपट्टी, वही.
- जॅक आणि त्याखाली ठेवायला जाड फळी. चिखलात नुसता जॅक वर चढत नाही, खाली जातो.

स्टेपनीतही हवा भरून घ्या, कंपनीच्या आकड्यापेक्षा 3-4 पीएसआय जास्तच. लागली तर सोडता येते.

नायट्रोजन भरलेला आहे म्हणून हवा सोडायला बरेच जण कचरतात. साध्या हवेत मुळातच 78 टक्के नायट्रोजन असतो. परत भरताना साधी हवा मिसळली तर काहीही बिघडत नाही.

पडताळा: निघण्याच्या आदल्या दिवशी अंगणात एका चाकातली हवा 20 पर्यंत सोडून आपल्याच कंप्रेसरने परत भरून बघा. लागलेला वेळ लिहून ठेवा. दहा मिनिटांपेक्षा जास्त लागली तर चार चाकांना किती लागतील आणि मध्ये कंप्रेसरला किती विश्रांती द्यावी लागेल, याचा अंदाज घरीच येतो.

## टप्पा 2: थंड टायरचा आकडा

सगळे हिशेब थंड टायरवर करायचे. थंड म्हणजे गाडी तीन तास उभी आहे किंवा दोन किलोमीटरपेक्षा कमी चालली आहे, आणि टायरवर ऊन पडलेलं नाही. पुण्याहून ताम्हिणीला पोहोचेपर्यंत टायर तापून हवा 3-4 पीएसआय वाढलेली असते. तिथे 35 दिसतात म्हणून आपल्याकडे 35 आहेत असं धरून चाललात, तर दुपारच्या पावसात टायर थंड झाल्यावर तुमचे 18 हे 16 झालेले असतील.

सकाळी निघताना चारही चाकं मोजा आणि लिहा. रस्त्याच्या दाबाला साधारण 6 अंश तापमानबदलामागे 1 पीएसआयचा फरक पडतो. एका बाजूच्या टायरांवर कोवळं ऊन असेल तर तीच बाजू जास्त दाखवेल. तिथली हवा काढून चारही सारखे करायच्या फंदात पडू नका.

आणखी एक माप घ्या. त्याचा उपयोग आकड्यापेक्षाही जास्त होतो. गाडी सपाट फरशीवर, नेहमीच्या सामानासह उभी करून जमिनीपासून रिमच्या खालच्या कडेपर्यंतची उंची फूटपट्टीने मोजा. पुढच्या आणि मागच्या चाकाची वेगवेगळी. समजा ती 140 मिलिमीटर भरली. अतिमऊ जमिनीसाठीसुद्धा हवा कमी करताना ही उंची तीन चतुर्थांशाच्या, म्हणजे 105 मिलिमीटरच्या खाली जाऊ द्यायची नाही. गेज बिघडला, सामान वाढलं, टायर बदलले, तरी ही खूण फसवत नाही, कारण वजन आणि हवा या दोन्हींचा परिणाम तिच्यात एकत्र दिसतो.

सावधान: गेज एकच वापरा. पेट्रोल पंपाच्या मशीनचा आकडा आणि तुमच्या गेजचा आकडा यांत 2 पीएसआयचा फरक असणं अगदी नेहमीचं आहे.

## टप्पा 3: वाट बघून आकडा ठरवा

गाडीनुसार मूळ आकडा वेगळा असतो. जिम्नीसारखी साधारण 1200 किलोची गाडी आणि पावणेदोन टनाच्या आसपासची थार यांना एकच आकडा लावता येत नाही. म्हणून टक्क्यांत विचार करा. कंसातले आकडे थंड 32 पीएसआय धरून आहेत आणि ते सुरुवातीचे आहेत, अंतिम नाहीत.

खडी, मुरूम, जांभ्याचा उखडलेला रस्ता (24 ते 26). इथे पकडीपेक्षा धक्के आणि कापलं जाणं हा प्रश्न असतो. 20-25 टक्के कमी केले की गाडी उड्या मारत नाही आणि चढावर चाक सुटत नाही. कोकणातल्या जांभ्याच्या वाटांवर कडा धारदार असतात, त्यामुळे याहून खाली जायचं कारण नाही.

खडकाळ वाट, ओढ्यातले गोटे (19 ते 21). 35-40 टक्के कमी. शेवाळलेल्या गोट्यांवर फरक लगेच जाणवतो. पण गाडी खाली आलेली असते हे विसरू नका. ज्या दगडावरून एरवी डिफरन्शियल निघून गेला असता, तो आता लागू शकतो. अशा जागी एकाने उतरून रस्ता दाखवायचा आणि दगड चाकाखाली घ्यायचा, दोन चाकांच्या मध्ये नाही.

लाल चिखल (18 ते 22). आधी खाली उतरून काठी किंवा टाच रोवून बघा. दोन-तीन बोटं चिखल आणि खाली घट्ट मुरूम लागत असेल तर 22 पुरेत. टायरने वरचा राडा कापून खालचा घट्ट थर गाठायला हवा, आणि फार मऊ टायर वरच्यावर तरंगून घसरतो. काठी हातभर आत जात असेल तर 18 वर या.

काळी माती. हिचा विचार वेगळा करावा लागतो आणि बहुतेक चुका इथेच होतात. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगरकडची काळी माती पाणी धरून फुगते आणि चिकट होते. ती टायरच्या खाचांत भरते आणि पंधरा-वीस मीटरमध्ये टायर गुळगुळीत रूळ होतो. मग हवा कितीही कमी करा, जमिनीला लागतं ते रबर नसतंच, मातीचा थर असतो. 18-20 ला थोडा फायदा होतो, कारण ट्रेड वाकताना भरलेली माती काही प्रमाणात सुटते. चाक क्षणभर वेगाने फिरवून माती झटकता येते, पण गाडी पुढे सरकत असतानाच. थांबलेल्या गाडीचं चाक फिरवलं की खड्डा पडलाच. चाकावरची पोकळीही गाळाने भरून येते आणि आत ब्रेकची नळी, सेन्सरची वायर असते. खरं सांगायचं तर चांगला पाऊस होऊन गेल्यावर काळ्या मातीच्या बैलगाडी रस्त्यावर गाडी घालू नये. एक दिवस कडक ऊन पडू द्या, मग जा.

वाळू (16 ते 18). 45-50 टक्के कमी. कोरड्या भुसभुशीत वाळूत हवा हाच सगळ्यात मोठा इलाज, फोर बाय फोरसुद्धा त्यानंतर येतो. जैसलमेरकडच्या टेकड्यांसाठी हे लागू. आपल्या किनाऱ्यांबाबत मात्र लक्षात ठेवा: गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी चालवणं दंडनीय आहे आणि कोकणातही वाळूत गाडी उतरवणाऱ्यांवर पोलीस गुन्हे दाखल करतात.

12 पीएसआय हा आकडा फक्त रुतलेली गाडी काढण्यासाठी, तोही काही मीटरच. त्याखाली साध्या रिमवर जाऊच नका.

गाडीत पाच माणसं आणि मागे पूर्ण सामान असेल तर मागच्या चाकांत पुढच्यापेक्षा 2-4 पीएसआय जास्त ठेवा. ट्यूबचा टायर असेल तर 20 च्या खाली जाऊ नका. टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्यासोबत ओढली जाते आणि व्हॉल्व्ह बुडापासून फाटतो. व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला की तिथेच थांबा.

## टप्पा 4: हवा सोडणं

जागा निवडा. सपाट, घट्ट आणि वाटेच्या तोंडाशी. चिखलात शिरल्यावर हवा सोडायला वाकाल तर व्हॉल्व्हमध्येही चिखल जाईल आणि तुमच्यामागच्या गाड्याही अडतील.

1. फोर एच (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) टाकून काही मीटर पुढे-मागे घेऊन तो लागला आहे याची खात्री करून घ्या.
2. मग हँडब्रेक लावा आणि इंजिन बंद करा.
3. चारही टोप्या काढून एकाच डबीत ठेवा. व्हॉल्व्हच्या तोंडावरची माती ब्रशने झाडा. वाळूचा एक कण पिनच्या बैठकीवर अडकला तरी रात्रभर हळूहळू हवा जाते.
4. टायर आत्ता किती गरम आहेत ते मोजा. सकाळी थंड 32 होते आणि आता 35 दिसत असतील तर 3 ची वाढ उष्णतेची आहे. लक्ष्य 20 असेल तर आत्ता गेजवर 22 ला थांबा. थंड झाल्यावर ते 20 च्या आसपास येतील. (दाब कमी झाला की उष्णतेची वाढही त्या प्रमाणात कमी होते, म्हणून पूर्ण 3 मिळवायचे नाहीत.)
5. पहिल्या चाकात लक्ष्याच्या 2 पीएसआय वर थांबा. किती सेकंद लागले ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघा. उरलेल्या चाकांना तेवढाच वेळ द्या, पण प्रत्येक चाक गेजने मोजूनच सोडा.
6. शेवटचे 2 पीएसआय हळूहळू, मोजत मोजत.
7. पिन बसवताना बोटांच्या ताकदीनेच घट्ट करा. जोर लावून पिळलीत तर पिनची रबरी बैठक कापली जाते.
8. साबणपाणी मारून बुडबुडे येतात का बघा. मगच टोपी.

एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांत 1 पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

सावधान: व्हॉल्व्हला फिरवून लावायचे, ठरलेल्या दाबाला आपोआप बंद होणारे डिफ्लेटर मिळतात. ते लावून गाडी चालवू नका. जड तोंडामुळे रबरी व्हॉल्व्ह झुडपाला अडकून तुटतो.

गाडीतला टायरच्या हवेचा इशारा दिवा लागेल. लागू द्या. पण तो लागलेला असताना खरं पंक्चर झालं तर वेगळा इशारा मिळणार नाही, म्हणून दर थांब्याला चारही चाकांभोवती फेरी मारा.

## टप्पा 5: पहिल्या पाचशे मीटरनंतर थांबा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. पाचशे मीटर चाला, थांबा, उतरा आणि तीन गोष्टी बघा.

फूटपट्टीने रिमची उंची मोजा. 140 ची 105 च्या खाली गेली असेल तर हवा वाढवा. मागे पडलेले ठसे बघा. ठशाच्या कडा मोडून बाहेर माती उपसली गेली असेल तर टायर अजून कठीण आहे, 2 पीएसआय आणखी सोडा. ट्रेडची नक्षी जमिनीवर स्वच्छ उमटली असेल तर आकडा बरोबर आहे. मग साइडवॉलवर नवे ओरखडे आहेत का बघा. रिमच्या कडेजवळ घासल्याची खूण दिसली तर टायर तळापर्यंत दबतो आहे.

लांबच्या खडी-मुरमाच्या रस्त्यावर आणखी एक कसोटी आहे. अर्ध्या तासाने टायर मोजा. थंडच्या तुलनेत 4 पीएसआयपेक्षा जास्त वाढ दिसली, म्हणजे 25 चे 30 झाले, तर टायर जरुरीपेक्षा जास्त वाकून तापतो आहे. वेग कमी करा किंवा 2 पीएसआय भरा. गरम टायरमधून हवा काढून आकडा परत 25 ला आणणं ही सगळ्यात वाईट चूक. त्याने टायर आणखी वाकतो, आणखी तापतो.

## टप्पा 6: चालवताना

वेगाची मर्यादा आकड्याला बांधलेली आहे. 24-26 ला जास्तीत जास्त 50 किलोमीटर, 18-22 ला 30, 15-17 ला 20, आणि 12 ला चालण्याचा वेग.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवू नका. टायरवर सगळा ताण आडवा येतो. थोडी सरकती ठेवून वळवा.

आडव्या उतारावर, म्हणजे गाडी एका कुशीवर झुकलेली असताना, खालच्या बाजूच्या टायरवर वजनही जास्त आणि आडवा ताणही जास्त. रिमवरून टायर उतरतो तो बहुधा इथेच. 18 च्या खाली असाल तर अशी वाट टाळा किंवा आधी हवा वाढवा.

चाकं फिरू लागली आणि गाडी सरकत नसेल तर दोन सेकंदांत पाय काढा. वाळूत ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बंद करता येत असेल तर बंद करा, नाहीतर ते इंजिनची ताकद ऐन वेळी कापतं. बाहेर आल्यावर परत चालू करा.

बांधावरून, भातखाचरातून किंवा कोकणातल्या सड्यावरून (खडकाळ पठारावरून) गाडी नेऊ नका. मऊ टायर जमीन कमी उकरतो हे खरं, पण पावसाळ्यात सड्यावरच्या पातळ मातीच्या थरात जी रोपं उगवतात ती एका चाकाखालीही टिकत नाहीत. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका.

## टप्पा 7: तरीही रुतली तर

क्रम चुकवू नका. आधी खोरं, मग हवा, मग इंजिन.

1. चाकं फिरवणं थांबवा.
2. चारही चाकांच्या पुढची आणि मागची माती काढा. पोटाखाली माती टेकली असेल तर तीही, नाहीतर चाकांवर वजनच येत नाही.
3. सध्याच्या आकड्यावरून 3-4 पीएसआय आणखी सोडा. 12 ही सीमा.
4. शक्यतो मागे घ्या. ज्या वाटेने आलात ती दाबलेली असते.
5. स्टिअरिंग सरळ ठेवून, फोर लोमध्ये, मागे घेताना रिव्हर्स आणि पुढे काढताना दुसरा गिअर, हळू सुरुवात.
6. घट्ट जमिनीवर आल्याबरोबर हवा आधीच्या आकड्यावर आणा.

टायर रिमवरून उतरला असेल तर गाडी जागची हलवू नका. फळीवर जॅक ठेवून चाक उचला. टायरची कड आणि रिमची कड दोन्ही ओल्या फडक्याने पुसा. बारीक खडा राहिला तर हवा धरणार नाही. कडांना साबणपाणी लावा, व्हॉल्व्ह पिन काढा आणि कंप्रेसर सुरू करा. पिन नसली की हवा जोरात आत जाते. तरी बसत नसेल तर टायरच्या परिघावर, ट्रेडवरून, सामान बांधायचा रॅचेट पट्टा आवळा म्हणजे कडा बाहेर रिमकडे सरकतात. दोन वेळा फट्‌ असा आवाज आला की कड बसली. पट्टा लगेच सोडा, पिन लावा, हवा 30 पर्यंत भरून गळती तपासा आणि मग हवी तेवढी कमी करा. पेट्रोल किंवा स्प्रे मारून पेटवून टायर बसवायचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका. भाजण्याचा आणि टायर फुटण्याचा धोका खरा आहे.

## टप्पा 8: हवा परत भरणं

डांबरी रस्ता लागण्याआधीच्या शेवटच्या सपाट जागी भरा. "पुढच्या पंपावर भरू" म्हणून 18 पीएसआयवर घाट उतरणं सगळ्यात धोक्याचं. ब्रेक लावताना आणि वळणावर टायर मुडपतो, गाडी तरंगल्यासारखी वागते, आणि तापलेली साइडवॉल आतून सुटू लागते. हे नुकसान बाहेरून दिसत नाही, पुढे महामार्गावर टायर फुटतो तेव्हा कळतं.

1. गाडी मोकळ्या हवेत उभी करा, इंजिन चालू ठेवा, मग कंप्रेसर बॅटरीला जोडा. आधी लाल चिमटा, मग काळा.
2. व्हॉल्व्ह ब्रशने स्वच्छ करा, मगच नळी लावा.
3. कंप्रेसर चालू असताना त्याच्यावरचा गेज खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. थांबवून आपल्या गेजने मोजा.
4. टायर गरम असतील, म्हणून थंडच्या आकड्यापेक्षा 2-3 पीएसआय जास्त भरा.
5. कंप्रेसरवर लिहिलेला चालण्याचा आणि विश्रांतीचा वेळ पाळा. साधा एक सिलिंडरचा कंप्रेसर दोन चाकांनंतर थंड होऊ द्यावा लागतो. नळीचं पितळी तोंड चटका देण्याइतकं तापतं, फडक्याने धरा.
6. चारही टोप्या लावा. फोर बाय फोर काढून टू एच (फक्त दोन चाकांना ताकद) करा. ईएसपी चालू आहे का बघा. इशारा दिवा आपोआप जात नसेल तर पुस्तिकेतल्या पद्धतीने रीसेट करा.

पहिले पाच किलोमीटर 60 च्या आत चाला. स्टिअरिंग थरथरत असेल तर रिमच्या आत चिखल चिकटलेला असतो. हवेचा किंवा बॅलन्सिंगचा दोष समजण्याआधी पाण्याने रिमची आतली बाजू धुवा.

## टप्पा 9: दुसऱ्या दिवशी सकाळी

टायर थंड असताना चारही मोजा आणि कंपनीच्या आकड्यावर आणा. हा आकडा वहीत लिहा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा. तीन चाकं तिथेच आणि एक 3 पीएसआय खाली असेल, तर आधी व्हॉल्व्हवर साबणपाणी मारा. तिथे बुडबुडे नसतील तर चाक काढून रिमच्या दोन्ही कडांवर मारा. कडेला बारीक फेस येत असेल तर तिथे वाळू किंवा माती अडकली आहे. नुसती हवा भरत राहू नका. टायरवाल्याकडे टायर रिमवरून उतरवून दोन्ही कडा साफ करायला सांगा, आणि उतरवलाच आहे तर साइडवॉलच्या आतल्या बाजूने हात फिरवून बघा. आत रबराची काळी पावडर जमलेली असेल तर तो टायर कमी हवेवर जास्त वेगाने चालला आहे. त्याची दुरुस्ती होत नाही, तो बदलायचा.